आईचा आवाज उजवीकडून आला

मी एडिट केलेल्या २२ मिनिटांच्या फिल्मची ट्रायल संपली, दिवे लागले, लोक उठून बाहेर निघाले आणि दिग्दर्शकाच्या मावशी माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबल्या. "का गं, ती आई तेव्हा घर सोडून निघाली होती ना?" मी म्हटलं नाही मावशी, तेव्हा घरातच आहे की ती, मुलाच्या मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालतेय. "हो का? मला वाटलं दारात जाऊन बोलली. दार ओढून घे म्हणाली ना, तेव्हाच मला वाटलं, आता ही काही परत यायची नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे टिपले आणि गेल्या. मी तिथेच बसून राहिले.

त्या शॉटमध्ये तसं काहीच नाहीये. मुलगा टेबलापाशी बसलाय, फोकस त्याच्यावर आहे, त्याच्या मागे फ्रेमच्या बरोब्बर मधोमध आई आहे, धूसर, पाठमोरी. उजव्या कडेला दाराची चौकट जेमतेम दिसते. बाहेर पाऊस आहे, पाणी आत येतंय, म्हणून ती मान वर न करता म्हणते, दार ओढून घे. बस. कुणीही कुणाला रोज म्हणेल असं वाक्य. त्यानंतर ती पडद्यावर दिसत नाही, पण ती गेलीये हे आपल्याला कळतं चार मिनिटांनी, आणि ते आधी कळू नये म्हणून आम्ही मुद्दाम तो टेक घेतला होता ज्यात त्या वाक्याला काही म्हणता काही वजन नाही. मग मावशींना कसं कळलं? घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. खरं तर ट्रायल बघताना मलाही काहीतरी खुपत होतं, पण मी शेवटच्या रांगेत एकदम उजव्या टोकाला, भिंतीला टेकून बसले होते आणि तिथून सगळंच उजवीकडून ऐकू येतं, म्हणून मी खुर्चीला दोष दिला आणि गप्प बसले.

रात्री फाईल उघडली. सहा चॅनल, एकाखाली एक सहा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे आलेख. वर्षानुवर्षं हे काम केलं की न ऐकताही नुसत्या आकारावरून कोण काय आहे ते ओळखू येतं, संवाद म्हणजे मध्ये मध्ये गाठी आणि मग सपाट, संगीत म्हणजे भरलेली लांबच लांब पट्टी, पाऊस म्हणजे बारीक एकसारखं गवत, आणि एलएफई, म्हणजे सबवूफरला जाणारा खास खर्जाचा चॅनल, तो जवळजवळ रिकामी रेघ, कुठे तरी एखादा जाडसर फुगवटा. त्या गाठी दुसऱ्या ओळीत होत्या. संवाद दुसऱ्या चॅनलवर. मी ते बघितलं आणि पोटात गोळा आला.

कारण ते मीच केलं होतं. मिक्स करणाऱ्या मित्राने मला सहा वेगळ्या मोनो फाईली दिल्या होत्या, प्रत्येकीच्या नावात डावा, सेंटर, उजवा असं सगळं नीट लिहिलेलं, आणि मी त्या त्याच क्रमाने लावून एक सहा चॅनलची फाईल बनवली. डावा, सेंटर, उजवा, डावा सराउंड म्हणजे मागचा डावा, उजवा सराउंड, एलएफई. सिनेमावाल्यांचा हा जुना क्रम आहे, पडद्यामागचे स्पीकर जसे डावीकडून उजवीकडे उभे असतात तसा. पण थिएटरच्या प्लेअरला हवा होता दुसरा क्रम, डावा, उजवा, सेंटर, एलएफई, डावा सराउंड, उजवा सराउंड, ज्यात सगळं जोडीजोडीने येतं. दोन्ही क्रम बरोबर आहेत. फाईलमध्ये चॅनलला नाव नसेल तर तो फक्त नंबर असतो, आणि प्लेअर तो नंबर बघून आवाज त्या त्या स्पीकरला पाठवून देतो, विचारत नाही. एक नंबर जागच्या जागी राहिला. दोन नंबर, म्हणजे सगळे संवाद, उजव्या स्पीकरमधून. संगीताची उजवी बाजू सेंटरला. मागचा डावा पाऊस थेट सबवूफरमध्ये, आणि सबवूफर १२० हर्ट्झच्या वरचं वाजवायला नसतोच, त्यामुळे तो पाऊस जवळजवळ पडलाच नाही. उजवा पाऊस डाव्या बाजूला सरकला. आणि गडगडाटाचा तो जाड फुगवटा, जो १० डेसिबल वाढवून वाजवला जाणार या हिशोबाने मिक्स केलेला असतो, तो उजव्या सराउंडमधून कुणीतरी शेजारच्या खोलीत खुर्ची सरकवावी तेवढाच आला.

आणि आई उजवीकडून बोलली. जिथे दार होतं.

लहानपणी मला वरचेवर ताप यायचा. ताप आला की डोळे उघडवत नाहीत, पापण्यांवर कुणी हात ठेवल्यासारखं जड वाटतं, आणि मग घर फक्त ऐकू येतं. तेव्हाची त्या घराची एकही भिंत मला आता नीट आठवत नाही पण आवाज कुठून कुठून यायचे ते पक्कं आठवतं. डोक्याच्या मागे खिडकी, तिथून रस्ता. पायांच्या बाजूला घड्याळ. डावीकडे भिंतीपलीकडे आई, आणि भिंतीपलीकडून आलेल्या तिच्या बोलण्याला धारच नसायची, स आणि च आणि त भिंतीतच अडकायचे, नुसती घुमणारी गोल लय आत यायची. शब्द कळायचे नाहीत. पण ती तिथे आहे हे कळायचं आणि तेवढं पुरायचं. मग पावलं, मग दाराशी येऊन तिचा आवाज एकदम स्पष्ट व्हायचा, सगळी व्यंजनं परत यायची, आणि मला डोळे न उघडता कळायचं की ती आता खोलीत आली. कधी कधी आवाज दूर दूर जायचा आणि बाहेरच्या दाराची कडी वाजायची. त्या कडीनंतरची शांतता मला अजून अंगावर येते.

एखादा आवाज अगदी बाजूने आला तर लांबच्या कानाला तो फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, सेकंदाचा हजारावा भागसुद्धा पुरा नाही, आणि तेवढ्यावरून आपल्याला दिशा कळते. समोर की मागे हे पटकन कळत नाही म्हणून आपण नकळत मान जराशी हलवतो. हे सगळं डोकं ठरवायच्या आधी होऊन गेलेलं असतं. मावशींनी काही विचार केला नव्हता, त्यांच्या कानाने सांगितलं की बाई दाराकडे आहे, आणि पुढचं सगळं त्यांच्या मनाने लावलं. दाराकडे उभी असलेली आई दार ओढून घे म्हणते. याचा दुसरा काय अर्थ होणार.

१९३१ मध्ये ॲलन ब्लूमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, बोलपट तेव्हा नवीन होते, स्पीकर एकच, आणि पडद्यावरचा माणूस एका टोकाला चालत गेला तरी आवाज आपला होता तिथूनच. हे मला सोडवता येईल असं तो तिला म्हणाला अशी आठवण सांगतात, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने त्याचं पेटंट दाखल केलं, ज्याला आपण आता स्टिरिओ म्हणतो ते. मला ही गोष्ट आधीपासून माहीत होती, पण त्या रात्री ती वेगळीच वाटली. त्याच्या पडद्यावर माणूस हलला होता आणि आवाज मागे राहिला होता. माझ्याकडे माणूस जागेवर होता आणि आवाज निघून गेला होता.

एडिट करताना आम्ही महिनोन्महिने हेडफोनवर ऐकतो. हेडफोनमध्ये मध्य म्हणजे डोक्याच्या आतला मध्य, तो दोन्ही कानात सारखंच वाजलं की आपोआप तयार होतो. टेबलावरच्या दोन स्पीकरचंही तेच, संवाद दोन्हीकडे सारखा टाकला की मध्ये कुणी उभं असल्याचा भास होतो, पण तो भास फक्त बरोबर मधे बसलेल्याला. दोन खुर्च्या सरकून बसलं की जवळचा स्पीकर आधी पोचतो आणि कान म्हणतो आवाज तिथूनच येतोय. म्हणून तर थिएटरमध्ये पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि त्यामागे खराखुरा सेंटर स्पीकर असतो, कोपऱ्यातल्या माणसालाही बोलणारा मधेच बोलताना ऐकू यावा म्हणून. सेंटर म्हणजे एक वचन आहे असं मला वाटतं. तू कुठेही बस, ही बाई तिथेच असेल.

मी सुरुवातीला, म्हणजे या फिल्मच्या बऱ्याच आधी, एका कामात तयार स्टिरिओ मिक्स घेऊन तो अपमिक्स करून ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असं सहा चॅनलचं मिक्स, दिलं होतं. घाई होती. अपमिक्स काय करतो तर दोन्हीकडे जे सारखं आहे ते सेंटरला ओढतो, आणि जे वेगळं, पसरलेलं आहे ते मागे ढकलतो. ऐकायला पहिल्यांदा छान वाटतं, भरलेलं वाटतं. मग लक्षात येतं की बोलणाऱ्याच्या खोलीचा घुमारा मागे गेलाय आणि माणूस पुढे कोरडा उभा आहे, जणू त्याची खोली त्याच्यापासून सोलून काढलीये. सहा चॅनल भरले म्हणजे सराउंड झालं असं नाही, हे मी तेव्हा शिकले. म्हणून या फिल्मच्या वेळी, मिक्सला देण्याआधी, मूळ ट्रॅकपर्यंत परत जायचं ठरवलं होतं.

ते काम कुणाला दाखवण्यासारखं नसतं पण मला मनापासून आवडतं. एडिटच्या धावपळीत जिथे जागा मिळेल तिथे टाकलेल्या क्लिपा, पावसाच्या ट्रॅकवर संवाद, संवादाच्या ट्रॅकवर दार, सगळं उचलून आपापल्या घरी न्यायचं. संवाद वर, मग खोलीचा सूर, मग हालचालींचे आवाज, मग वातावरण, मग संगीत. नेस्ट केलेलं, म्हणजे एका क्लिपमध्ये गुंडाळून ठेवलेलं, सगळं उघडायचं, स्पीड बदललेल्या क्लिपा आधी रेंडर करायच्या, नाहीतर एएएफ, म्हणजे ही टाइमलाइन मिक्सला पाठवायची फाईल, उघडल्यावर पलीकडे भलतंच निघतं. प्रत्येक कटच्या दोन्ही बाजूंना हँडल, म्हणजे कापलेल्या जागेपलीकडचा जादा आवाज, ठेवायचे, मी पाच पाच सेकंदांचे देते, कारण मिक्स करणाऱ्याला श्वास लागतो, खरा श्वास, आईच्या वाक्याआधीचा जो मी कट मारताना कापला होता. आणि जे आधीच एकत्र करून ठेवलंय, संवादात पाऊस मिसळून एक्स्पोर्ट केलेला वगैरे, ते कालवलेलं मग वेगळं होत नाही.

हे करताना मला आईच्या त्या वाक्याची क्लिप सापडली. ती स्टिरिओ म्हणून टाइमलाइनवर होती पण ती स्टिरिओ नव्हतीच. डाव्या चॅनलवर कपड्यात लपवलेला लॅपल माइक, उजव्यावर वरून धरलेला बूम. म्हणजे इतके महिने मी डाव्या कानाने तिच्या छातीशी कान लावून ऐकत होते, कापडाची सळसळ, गिळलेला आवंढा, आणि उजव्या कानाने तिला खोलीच्या अंतरावरून ऐकत होते. दोन वेगवेगळ्या बायका. मी दोन्ही सुटे केले, लॅपल बंद केला, फक्त बूम ठेवला. एकदम ती मागे उभी राहिली, चित्रात आहे तेवढीच मागे. मी पाचसहा वेळा चालू बंद करून ऐकलं. लॅपल लावला की ती जवळ येऊन कानात सांगते, काढला की ती घरकाम करत बोलते. बूमच ठेवला शेवटी, पण लॅपलची ती सळसळ सोडताना जीवावर आलं होतं.

मित्राने मिक्स केलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्या मागे बसले होते. पाऊस मागे टाकताना तो थेंबाथेंबाचे टपटप आवाज शोधून शोधून काढत होता. मी विचारलं का काढतोयस, चांगले आहेत की. तो म्हणाला, "अगं, मागून एक थेंब जरी ठळक वाजला ना, तरी माणूस मान वळवतो, आणि मान वळवली की त्याला बाहेर जायच्या दाराची पाटी दिसते, फिल्म गेली. मागचा पाऊस ऐकायचा नसतो, त्यात बसायचं असतं." मग त्याने सगळे पुढचे स्पीकर बंद करून नुसता मागचा पाऊस ऐकवला. नुसती एक ओल होती. मी डोळे मिटले तर तापातल्या त्या खोलीत डोक्यामागची खिडकी.

गडगडाट मात्र त्याने सगळा एलएफईला दिला नाही, बराचसा मुख्य चॅनलमध्येच ठेवला. मला वाटायचं खालचा आवाज म्हणजे एलएफई. तसं नाहीये, पुढच्या स्पीकरनाही त्यांचा त्यांचा खर्ज असतो, एलएफई ही वरून घातलेली भर आहे. आणि पुढे कुणी ती फिल्म फोनवर, दोन चॅनलमध्ये बघणार, तिथे डाऊनमिक्स होताना सेंटर आणि सराउंड ३ डेसिबल कमी करून डाव्या उजव्यात मिसळतात आणि एलएफई सहसा चक्क टाकून देतात. जी गोष्ट कथेला लागते ती तिथे एकटी ठेवायची नाही.

मग घरच्यासाठी वेगळं मिक्स. थिएटरमध्ये सराउंडची प्रत्येक बाजू पडद्यामागच्या स्पीकरपेक्षा ३ डेसिबल खाली लावलेली असते, पुढे ८५ तर मागे ८२, घरच्या सेटअपमध्ये सगळे सारखे. तीच फाईल घरी वाजवली तर पाऊस तेवढा वर येतो आणि आईवर पडायला लागतो. म्हणून मागचं ३ ने खाली. शिवाय लाउडनेस, म्हणजे आवाज एकूण किती मोठा लागतो त्याचं माप, नेटफ्लिक्सला संवाद मोजून उणे २७, युरोपातल्या टीव्हीला पूर्ण कार्यक्रम मोजून उणे २३, त्या मोजमापात एलएफई धरतच नाहीत. फ्रेमरेटचं तर बोलायलाच नको, सेकंदाला २४ फ्रेम आणि २३.९७६ फ्रेम एकच समजून चाललं तर तासाला ३.६ सेकंद फरक पडतो, आमच्या २२ मिनिटांत सव्वा सेकंदाच्या वर, म्हणजे शेवटाकडे कुणी बोलणं संपवून पाठ फिरवल्यावर ओठांविना वाक्य. म्हणून चित्र सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी आणि संपल्यावर दोन सेकंदांनी, जुळणी तपासायला, तो एका फ्रेमचा टूं ठेवायचा. या सगळ्याची मला मनापासून काळजी असते, मी ते तीन तीनदा तपासते. आणि चॅनलचा क्रम तपासला नाही.

२०१२ मध्ये डॉल्बीचं ॲटमॉस आल्यापासून आवाजाला ऑब्जेक्ट म्हणून पाठवता येतं, म्हणजे आवाज आपली जागा स्वतःबरोबर घेऊन जातो, खोलीत स्पीकर कितीही असोत, त्या जागेसाठी कुठला स्पीकर किती वाजवायचा ते तिथलं मशीन ठरवतं. ते ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमची फिल्म मात्र साधी ५.१ होती.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो आधी चिडला, ते बरोबरच होतं, ट्रायलला आलेल्या प्रत्येकाने वेगळीच फिल्म ऐकली होती. मग मी त्याला मावशींचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तसंच ठेवायचं का? फक्त ते एक वाक्य, उजवीकडे?" मला हे सुचलं नव्हतं असं नाही. रात्रभर तेच चाललं होतं डोक्यात. मी टाइमलाइनवर करूनही बघितलं होतं, वाक्य सेंटरमधून काढून उजवीकडे, आधी पूर्ण, मग अर्धं. आणि प्रत्येक वेळी ते सुंदर होतं, अंगावर काटा यावा इतकं, पण ते आम्ही बनवलेल्या बाईचं नव्हतं. आमची बाई जाताना सांगत नाही. ती घड्या घालते, मान वर करत नाही, आणि चार मिनिटांनी ती नसते. मावशींनी ऐकलेली बाई मुलाला एक खूण देऊन जाते. मला ती दुसरी बाई जास्त आवडली की काय, या विचाराने मी अस्वस्थ झाले होते. मी नको म्हटलं. तो बरं म्हणाला. दोघांनाही ते पूर्ण पटलेलं नव्हतं असं मला वाटतं.

नवीन फाईल घेऊन मी त्या थिएटरला परत गेले, सकाळचा रिकामा वेळ मागून घेतला होता. आधी ओळख पटवणारी छोटी फाईल लावली, एकेका चॅनलमधून माझ्याच आवाजात डावा, उजवा, सेंटर, आणि प्रत्येक शब्दाबरोबर मी उठून त्या स्पीकरखाली जाऊन उभी राहिले. एलएफईला घरघर. डावा मागे. उजवा मागे. मग फिल्म लावली आणि मावशी बसल्या होत्या त्या खुर्चीवर बसले, चौथी रांग, मधल्या वाटेच्या बाजूची. पाऊस आता दोन्हीकडून होता, तीच ओल, खुर्चीच्या पाठीतून आत येणारी. गडगडाट जमिनीतून आला. मुलाने पेला ठेवला. आई मधोमध, धूसर, तिथूनच बोलली, दार ओढून घे.

मी दाराकडे बघितलं.

मग पुढची अठरा मिनिटं बसून पूर्ण फिल्म ऐकली, बाहेर आले आणि लॅपटॉप उघडून फाईलचं नाव बदललं. आता त्या नावातच सहाही चॅनल क्रमाने लिहिलेत, नाव खूप लांब झालंय, दोन ओळींत जातं.